नाताळच्या उपासनेत कोणती गाणी घ्यायची? वर्शिप टीमचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की वर्शिप टीमच्या (चर्चमध्ये गाणी-वाद्यं सांभाळणाऱ्यांच्या) ग्रुपवर लिंका पडायला लागतात, हे गाणं घेऊया, ते घेऊया, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच ठरलेलं नसतं. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. ज्या चर्चमध्ये गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, स्क्रीनवर शब्द अशी उपासना असते त्यांच्यासाठी हे आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल: नाताळला मंडळीने (म्हणजे उपासनेला जमलेल्या सगळ्यांनी) स्वतः तोंड उघडून गायलं पाहिजे, आणि गाणं निवडताना सगळ्यात पहिला प्रश्न तोच विचारायचा, लोक हे गातील का?

आम्ही वर्षभर नवीन वर्शिप साँग्स गातो, मग नाताळलाच जुने कॅरल्स (नाताळची पारंपरिक गीतं) कशाला?

कारण त्या दिवशी खुर्च्यांवर बसलेले सगळे तुमचे नेहमीचे लोक नसतात. कोणाचे आईवडील आलेले असतात, कोणी मित्राला घेऊन आलेलं असतं, कोणी लहानपणी संडे स्कूलला जायचं आणि नंतर यायचं सोडलं असं असतं. त्यांना तुमचं ऑगस्टमध्ये शिकलेलं गाणं माहीतच नसतं, पण 'सायलेंट नाइट'ची चाल त्यांना येते, शब्द अर्धे विसरले असतील तरी ओठ हलतात. वर्षभरात तुमच्या चर्चमध्ये नवखा माणूस पहिल्या मिनिटाला सगळ्यांबरोबर गाऊ शकेल असा दिवस कदाचित हा एकच असतो, आणि तो आपण अनोळखी गाण्यांवर खर्च करायचा हे मला अजिबात पटत नाही.

दुसरं म्हणजे जुन्या कॅरल्समध्ये शिकवण भरपूर आहे. 'हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग' घ्या, इंग्लिश गीतकार चार्ल्स वेस्लीने 1739 मध्ये छापलेलं, त्यात देव माणूस झाला, कुमारीच्या पोटी आला, आपल्याला नवा जन्म मिळावा म्हणून जन्मला, एवढं सगळं मोजक्या कडव्यांत आहे. एवढं सांगायला पाळकांना दोन संदेश लागतील.

मग नवीन गाणी घ्यायचीच नाहीत का?

घ्यायची, पण बेताने. पाच गाणी असतील तर एक नवीन, फार तर दोन. आणि ते नवीन गाणं नाताळच्या दिवशी पहिल्यांदा गायचं नाही, आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या) पहिल्या रविवारपासून गायला सुरुवात करा, म्हणजे नाताळपर्यंत मंडळीने ते तीन-चार वेळा गायलेलं असेल. निदान तुमचे नेहमीचे लोक जोरात गातील, आणि बाजूचा जोरात गात असला की नवीन माणूसही हळूहळू धरतो.

आजकाल जुन्या कॅरलला नवीन कोरस जोडलेली गाणी खूप आहेत, कडवी जुनी आणि मध्येच नवीन कोरस. चांगला मार्ग आहे, पण पाचच्या पाच गाण्यांना तसा कोरस लावू नका, कारण मग लोकांना प्रत्येक गाण्यात 'आता काय येणार' म्हणून थांबून ऐकावं लागतं. एक गाणं तसं, बाकीची सरळ.

कॅरलची चाल किंवा ताल बदलला तर चालेल का? आमच्या ड्रमरला खूप आयडिया सुचतात.

ताल, कॉर्ड्स, इंट्रो, वाद्यं, सगळं बदला. चाल बदलू नका. म्हणजे लोक जे तोंडाने गातात ते जसंच्या तसं राहू द्या आणि तुमची सगळी कल्पकता त्याच्या आजूबाजूला करा.

यावर नेहमी एक मुद्दा येतो की चाली तर पूर्वीही बदलल्या आहेत. बरोबर आहे. 'हार्क द हेरल्ड'ची आजची चाल वेस्लीने कधी ऐकलीच नव्हती, ती जर्मन संगीतकार मेंडेल्सनने 1840 मध्ये, युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या सन्मानसोहळ्यासाठी रचलेल्या संगीतातली, आणि 1855 मध्ये विल्यम कमिंग्स नावाच्या इंग्लिश संगीतकाराने ती या शब्दांना बसवली. म्हणजे चाल पवित्र आहे म्हणून बदलू नका असं मी म्हणत नाहीये. ती आता लोकांच्या तोंडात बसलीये म्हणून म्हणतोय. तुम्ही तिसऱ्या ओळीत एक सुंदर वळण घेतलं की तुम्हाला मस्त वाटतं पण तिथेच अख्खी मंडळी अडखळते, आणि एकदा अडखळलेला माणूस पुढच्या ओळीला गप्प बसून ऐकतो.

तालाचं पण एक आहे. बरेच कॅरल्स मुळात तीनच्या किंवा सहाच्या मात्रेतले आहेत, 'सायलेंट नाइट', 'फर्स्ट नोएल', 'अवे इन अ मेंजर', 'व्हॉट चाइल्ड इज धिस'. ते चारच्या बीटमध्ये ओढले की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा तयार होते आणि लोक तिथे लवकर घुसतात. पण चारही गाणी लागोपाठ तीनच्या तालात घेतली तर सगळं झोपाळू होतं हेही खरं, म्हणून मध्ये एक सरळ चारचं ठेवा.

स्केल (म्हणजे गाण्याची पट्टी) कोणता घ्यायचा? आमचा लीड सिंगर तर रेकॉर्डिंगच्याच स्केलमध्ये गातो.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो कारण इथेच निम्म्या नाताळच्या उपासना फसतात. रेकॉर्डिंग हे त्या गायकाच्या आवाजासाठी केलेलं असतं, बहुतेक वेळा उंच आवाजाच्या पुरुषासाठी, आणि त्यात पहिलं कडवं खाली गुणगुणायचं आणि शेवटी एक सप्तक वर उडी मारायची अशी पद्धत असते. ऐकायला भारी वाटतं. पण साध्या माणसाचा आवाज खालच्या ए पासून वरच्या डी पर्यंत (ए, डी ही पाश्चात्त्य सुरांची नावं) आरामात चालतो, जोशात असला तर ई फ्लॅट, त्याच्या वर गेलं की खुर्च्यांमधून आवाज येणं बंद होतं.

आता प्रत्यक्ष बघा. 'सायलेंट नाइट' साधं गाणं वाटतं पण त्याची रेंज एक सप्तक आणि वर चार स्वर अशी आहे. सी मध्ये गायलं तर शेवटच्या ओळीत वरचा एफ लागतो, बऱ्याच पुस्तकांत ते बी फ्लॅट मध्ये असतं तिथे ई फ्लॅट लागतो, आणि तुम्ही ते ए मध्ये घेतलं तर खालचा ए ते वरचा डी, बरोब्बर लोकांच्या आवाजात. शिवाय गिटारवाल्याला ए सोपा. 'हार्क द हेरल्ड' एफ मध्ये सी पासून डी पर्यंत जातं, जी मध्ये घेतलं की ई लागतो, म्हणून एफ, गिटारवाल्याने पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई चे आकार पकडायचे. 'ओ कम ऑल यी फेथफुल' जी मध्ये डी ते डी, छान बसतं. 'जॉय टू द वर्ल्ड' डी मध्ये डी ते डी, पण त्यात एक गंमत आहे, त्याचा पहिलाच स्वर सगळ्यात वरचा आहे आणि तिथून गाणं सरळ खाली उतरतं. त्यामुळे इंट्रोमध्ये तो वरचा डी स्पष्ट ऐकू आला पाहिजे, नाहीतर निम्मे लोक खालून सुरू करतात आणि दुसऱ्या शब्दालाच गोंधळ. कीबोर्डवाल्याला सांगा, इंट्रोचा शेवट त्या स्वरावर कर आणि थोडा धरून ठेव.

प्रॅक्टिसला एक करून बघा. टीममध्ये नसलेल्या, गाता येत नाही म्हणणाऱ्या एका ताईंना आणि एका काकांना बोलवा आणि मागे बसून गायला सांगा, माईक नाही काही नाही. ते कुठे थांबतात ते बघा. मला हे कोणत्याही चार्टपेक्षा जास्त उपयोगी वाटतं.

एकाच कॅरलच्या दोन चाली असतात तेव्हा?

हो, आणि हे आधी तपासाच. 'अवे इन अ मेंजर'च्या दोन प्रसिद्ध चाली आहेत, एक 1887 मध्ये छापलेली जी अमेरिकेत जास्त चालते आणि दुसरी 1895 ची जी ब्रिटनमध्ये चालते. 'ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम' फिलिप्स ब्रूक्सने 1868 मध्ये लिहिलं आणि त्याच्याच चर्चच्या ऑर्गनिस्टने चाल दिली, पण इंग्लंडमध्ये ते 1906 पासून वेगळ्याच लोकगीताच्या चालीवर गातात. तुमच्या मंडळीत ज्येष्ठ मंडळी कोणती चाल गात मोठी झाली ते त्यांना विचारा आणि तीच घ्या. टीममधल्या पोरांनी यूट्यूबवर जी पहिली ऐकली ती नको.

गिटार आणि ड्रम्सवर कॅरल शोभतात का? काही ज्येष्ठ नाराज होतात.

'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं तेच गिटारवर. 24 डिसेंबर 1818, ऑस्ट्रियातलं ओबर्नडॉर्फ गाव, शब्द तिथल्या तरुण पाद्री जोसेफ मोरचे, चाल फ्रान्झ ग्रुबरची, दोघांनी मिळून गायलं आणि मोरने गिटार वाजवली. म्हणजे ज्या गाण्याला आपण सगळ्यात पारंपरिक समजतो ते त्या रात्री दोन आवाज आणि एक गिटार एवढंच होतं. हे ज्येष्ठांना प्रेमाने सांगा, वाद घालायला म्हणून नको.

पण त्यांच्या तक्रारीत तथ्यही असतं. बहुतेकदा त्यांचा राग ड्रम्सवर नसतो, स्वतःचा आणि शेजारच्याचा आवाज ऐकू येत नाही यावर असतो. आवाज कमी करा. एखादं अख्खं कडवं वाद्यांशिवाय गाऊ द्या. नाताळच्या संध्याकाळी मेणबत्त्या लावून 'सायलेंट नाइट' गाता ना, तेव्हा शेवटच्या कडव्याला ड्रमरने काठ्या खाली ठेवायच्या, कीबोर्डने हात उचलायचे, गिटारने पहिल्या शब्दाला एकच कॉर्ड द्यायची आणि थांबायचं, लीडरने माईकपासून दोन पावलं मागे जायचं. पहिल्या दोन शब्दांना लोक बिचकतात, मग त्यांना कळतं की आता आपणच आहोत, आणि मागच्या रांगेतून तो जाडा पुरुषी आवाज येतो जो वर्षभर कधी ऐकू आलेला नसतो. फक्त हे आधी प्रॅक्टिसमध्ये ठरवून ठेवा, कारण एकाने जरी विसरून वाजवलं तर ते जमत नाही.

'ओ होली नाइट' मंडळीला गायला द्यायचं की सोलो?

सोलो. त्याचं संगीत अडॉल्फ आदामचं, 1847 चं, हा माणूस ऑपेरा आणि बॅलेचं संगीत करणारा, आणि गाणं तसंच आहे, एका तयार आवाजाने चढत जायचं. मंडळीला दिलं की शेवटच्या चढावर सगळे थांबून बघत बसतात. वचन वाचून झालं की किंवा अर्पणाच्या वेळी एकाने नीट तयारी करून गावं. त्यातल्या शब्दांत गुलामाला भाऊ म्हटलंय, जुलूम संपेल असं म्हटलंय, ते कडवं वेळ नाही म्हणून गाळू नका, गाण्याचा जीव तिथे आहे.

'मेरी डिड यू नो' (मरिये, तुला ठाऊक होतं का) पण सोलोचंच. त्यावर दरवर्षी चर्चा होते की देवदूताने मरियेला लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातच सांगितलं होतं मग विचारायचं काय. माझं म्हणणं, गाणं घ्या पण त्याच्या आधी मरियेचं स्वतःचं गीत, लूक 1:46 ते 55, वाचा. तिला काय कळलं होतं ते तिच्याच तोंडून ऐकल्यावर गाणं जास्त चांगलं समजतं.

शब्द तपासायचे म्हणजे नक्की काय बघायचं?

एवढंच बघा की पूर्ण उपासना संपल्यावर नवीन आलेल्या माणसाला कळलं का की कोण आला आणि कशासाठी आला. काही गाण्यांत नुसतं वातावरण असतं, तारे, बर्फ, घंटा, शांतता, छान वाटतं पण येशूचं नावसुद्धा नसतं. 'जिंगल बेल्स' तर आहेच, 1857 चं ते गाणं, त्यात नाताळाचा उल्लेखच नाही, घसरगाडीच्या मजेचं गाणं आहे. उपासनेनंतर चहाच्या वेळी खुशाल वाजवा, उपासनेत नको.

उलट बाजूने पण बघा. 'जॉय टू द वर्ल्ड'मध्ये गव्हाणी नाही, मरिया नाही, मेंढपाळ नाहीत, कारण आयझॅक वॉट्सने ते 1719 मध्ये स्तोत्र 98 वरून लिहिलं, राजा येतोय आणि सृष्टी आनंद करते असं. तरी ते नाताळाला इतकं बसतं, कारण शेवटी मुद्दा राजा येण्याचाच आहे. तेव्हा प्रत्येक गाण्यात गव्हाणी हवीच असं नाही, पण पाचही गाण्यांत मिळून जन्म, कारण आणि त्याचं राज्य हे तीन यायला हवेत.

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते असं मत्तयाने त्याच्या शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही वगैरे बारकावे आहेत, पण त्यासाठी एखादं चांगलं गाणं काढून टाकायची गरज मला वाटत नाही.

आगमनकाळातच नाताळची गाणी सुरू करायची का?

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, आणि त्याचा सूर वाट बघण्याचा आहे. पहिल्याच रविवारी 'जॉय टू द वर्ल्ड' धडाक्यात गायलं तर नाताळाला काय उरतं? पण अगदी 24 तारखेपर्यंत एकही कॅरल नाही हेही जमत नाही, लोकांना ते हवे असतात आणि त्यात काही चूक नाही. मी मधला रस्ता घेतो, पहिल्या दोन रविवारी 'ओ कम ओ कम इम्मानुएल' आणि यशयाच्या वचनांवरची गाणी, तिसऱ्यापासून एकेक कॅरल वाढवत जायचा. 'ओ कम ओ कम इम्मानुएल' मायनर स्केलमधलं आहे, मध्ययुगात 17 ते 23 डिसेंबरला संध्याप्रार्थनेत गायल्या जाणाऱ्या छोट्या गीतांवरून आलेलं, आणि बँडवर ते फार सुंदर वाजतं, एक ड्रोन (सतत चालणारा एकच सूर) धरा, हळू टॉम्स (ड्रमसेटमधले खोल आवाजाचे ड्रम), बस.

या वर्षी मंडळीत मृत्यू झालेत, काही घरं दुःखात आहेत. सगळी आनंदाचीच गाणी कशी गायची?

हा प्रश्न विचारताय हे खूप चांगलं आहे. नाताळच्या गोष्टीतच दुःख आहे, मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद लहान मुलांना मारतो आणि राहेल रडते. म्हणून सेटमध्ये किमान एक गाणं असं ठेवा जिथे रडणाऱ्या माणसाला जागा असेल. 'इट केम अपॉन द मिडनाइट क्लिअर'मध्ये ओझ्याखाली वाकलेल्या, दमून चालणाऱ्या लोकांना उद्देशून एक कडवं आहे, नेमकं तेच कडवं पुष्कळ ठिकाणी गाळतात. ते घ्या. आणि त्या गाण्यानंतर लगेच टाळ्या वाजवा म्हणून माईकवरून ओरडू नका, अर्धा मिनिट शांत राहू द्या, मग प्रार्थना.

गाण्यांचा क्रम कसा लावायचा?

सुरुवात सगळ्यांना येणाऱ्या, बोलावणाऱ्या गाण्याने, 'ओ कम ऑल यी फेथफुल' यासाठीच आहे. मग वचन. माझी आवडती पद्धत म्हणजे लूकचा दुसरा अध्याय तुकड्यातुकड्याने वाचायचा आणि मध्ये गाणी, मेंढपाळांचा भाग वाचला की लगेच 'एंजल्स वी हॅव हर्ड ऑन हाय', तिथे ते लांबच लांब 'ग्लोरिया' आलं की लोकांना कळतं की आपण आत्ता वाचलेलंच, 2:14 मधलं, गातोय. संदेशाआधी शांत गाणं, शेवट 'जॉय टू द वर्ल्ड'. मेणबत्त्यांची उपासना असेल तर 'सायलेंट नाइट' शेवटच्या आधी, आणि मग दिवे लावून आनंदाने बाहेर पाठवायचं.

गाण्यांच्या मध्ये फार बोलू नका.

मुलांचं गाणं कुठे घ्यायचं?

लवकर घ्या, पहिल्या वीस मिनिटांत, मुलं दमायच्या आत. आणि त्यांना ट्रॅकवर गायला लावण्यापेक्षा एक गिटार किंवा कीबोर्ड त्यांच्या गतीने वाजवणारा द्या, मुलं घाईत गेली की ट्रॅक थांबत नाही पण माणूस सांभाळून घेतो. शेवटच्या कडव्याला मंडळीलाही उभं राहून गायला सांगा, म्हणजे तो कार्यक्रम न होता उपासनाच राहते.

कॉपीराइटचं काय? कॅरल तर जुने आहेत ना?

शब्द आणि मूळ चाल जुनी असेल तर मोकळी. अमेरिकेत 1930 च्या आधी प्रकाशित झालेलं आता मोकळं आहे, इतर बऱ्याच देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 किंवा 70 वर्षं मोजतात. पण लोक इथे फसतात की कॅरल जुनं असलं तरी त्याला जोडलेला नवीन कोरस, नवीन अरेंजमेंट, नवीन भाषांतर आणि रेकॉर्डिंग या सगळ्यांचे हक्क वेगळे आणि ते चालू असतात. नवीन गाण्यांचे शब्द स्क्रीनवर दाखवायला परवाना लागतो, सीसीएलआय या संस्थेचा परवाना बरीच चर्चेस घेतात, आणि ऑनलाइन लाइव्ह दाखवायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा असतो. हे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बघू नका. गाणी लिहिणाऱ्यांचं घर त्यावर चालतं, हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

किती कडवी गायची? चारही?

वेळ असेल तर चारही. गाळायचं असेल तर अर्थ बघून गाळा, सवयीने तिसरं उडवू नका. आणि जे गाळलं ते स्क्रीनवाल्याला लेखी द्या, तोंडी नको.

टीममध्ये एकमत होत नाही, शेवटी ठरवायचं कोणी?

पाळक आणि वर्शिप लीडरने मिळून, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत. सगळ्यांचं ऐका, प्रत्येकाला एक गाणं सुचवू द्या, पण मतदान घेऊ नका, मतदानात टीमच्या आवडीची गाणी जिंकतात आणि मंडळीला येणारी हरतात.

नाताळच्या नंतरच्या रविवारी काय गायचं? सगळे दमलेले असतात.

कॅरलच गायचे. नाताळाचा काळ 25 ला संपत नाही, 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत तो चालतो, आणि जी गाणी वेळेअभावी राहिली ती इथे बसतात. ज्ञानी लोकांची गाणी तर इथलीच. टीम दमलेली असते हे खरं, म्हणून त्या रविवारी पूर्ण बँड नको, एक कीबोर्ड, एक आवाज, आणि लूक 2:29 मधलं शिमोनाचं गीत वाचून घ्या, म्हाताऱ्या माणसाने बाळ हातात घेऊन म्हटलेलं. ड्रमरला सुट्टी द्या, पण त्याने मंडळीत बसून गायला यायचं.